राग, रडू, रुसवा, घुसमट: मुलांच्या तीव्र भावनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात मी लहान मुलं आणि किशोरवयीन मुलामुलींसोबत मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. फोनवर, पहिल्या भेटीत आणि निघताना दारात चपला घालता घालता आईवडील जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक-दोन प्रश्न मुलांचेही आहेत. उदाहरणं देताना दोन-तीन मुलांच्या गोष्टी मिसळल्या आहेत आणि तपशील बदलले आहेत, म्हणजे कोणाचीच ओळख पटणार नाही.

हा नुसता हट्टीपणा आहे की खरंच मदत घ्यायला हवी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. "मॅडम, पोट्टं ऐकतच नाही. जरा काही म्हटलं का चिडून राहते." दोन-तीन वर्षांचं मूल जमिनीवर लोळण घेतं, त्यात काळजीचं काही नाही. त्या वयात इच्छा मोठ्या असतात आणि शब्द थोडे. सात-आठ वर्षांचं झाल्यावरही तेच चालू असेल, तर मी चार गोष्टी विचारते. आठवड्यातून किती वेळा होतं? एकदा सुरू झालं की शांत व्हायला किती वेळ लागतो? स्वतःला किंवा दुसऱ्याला लागेल असं काही होतं का? आणि घराने आपलं वागणं त्याच्या मूडप्रमाणे बदलायला सुरुवात केली आहे का?

मला हा चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नात्यातल्या लग्नाला जाणं टाळलं जातं, दादा घरी आला की धाकटी बहीण आवाज न करता खेळते, आजी टीव्हीचा रिमोट लपवून ठेवते. असं होत असेल, तर कारण हट्ट असो की आणखी काही, घर थकलेलं आहे. मग वाट पाहू नका.

त्याआधी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. झोप पुरत नसेल, अंगात रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, फिट्स येत असतील, कानाने कमी ऐकू येत असेल, तरी मूल चिडचिडं होतं. ते माझ्याशी बोलून बरं होणार नाही.

शाळेत शहाण्यासारखा वागतो, घरीच नाटकं करतो. असं काऊन?

नाटक नाही ते. दिवसभर दाबून धरलेलं सगळं मूल जिथे आपलं माणूस आहे तिथे सोडतं. शाळेत सहा तास तोल सांभाळणं हे त्याच्यासाठी पाठीवर पोतं घेऊन चालण्यासारखं असतं. घरी आल्यावर ते पोतं तुमच्या पायावर पडतं. त्रास तुम्हाला होतो हे खरं. पण त्याला सांभाळता येतं, एवढी एक चांगली बातमी त्यातून मला मिळते.

राग तर सगळ्यांनाच येतो. तीव्र भावना म्हणजे नेमकं काय?

काही मुलांचा तवा लवकर तापतो, जास्त तापतो आणि निवायला फार वेळ लागतो. तिन्ही गोष्टी एकत्र असल्या की आम्ही तीव्र भावना म्हणतो. दुसरं मूल दहा मिनिटांत विसरेल ते याला दोन तास पुरतं, आणि पूर्ण निवण्याआधीच पुढचं काही घडतं. म्हणून सकाळी कंपासपेटीवरून आलेलं रडू संध्याकाळच्या भांडणात उतरतं, आणि घरच्यांना वाटतं की हा कारण नसताना भडकला.

यातला बराच भाग जन्मतः असतो. "तान्हा होता तेव्हाही कूलरचा आवाज बदलला का जागा व्हायचा," असं एक आई सांगत होती. त्यात मेंदूची घडण अजून चालू असते. थांब, विचार कर, असं सांगणारा कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते.

हीच मुलं घरात सगळ्यांच्या आधी ओळखतात की आज आजी गप्प आहे. रस्त्यावरचं लंगडं कुत्रं पाहून यांचंच जेवण सुटतं. मला ही संवेदनशीलता बोथट करायची नसते. ती सांभाळायची कशी, एवढंच शिकवायचं असतं.

म्हणजे आमचंच काही चुकलं?

हा प्रश्न बहुतेक वेळा आई विचारते, आणि विचारताना तिचे डोळे भरलेले असतात. नाही, तुम्ही बिघडवलेलं नाही. पण एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात घडते, माझ्याही घरात घडली आहे. मूल रडतं आणि आपण म्हणतो, "काही झालं नाही, उगी उगी." "एवढ्याशा गोष्टीला कोणी रडते का?" "काऊन रडून राहिला पोरीसारखा?" आपला हेतू चांगलाच असतो. पण मुलाच्या कानावर पडतं ते असं की तुला जे वाटतंय ते चूक आहे. मग ते आवाज वाढवतं, कारण लहान आवाज ऐकला गेला नाही. मोठ्या आवाजाला मात्र सगळं घर धावून येतं. महिनोन् महिने हे चाललं की मूल मोठा आवाजच शिकतं.

यावर मी जो शब्द वापरते तो टपालातला आहे: पोच. पत्र मिळालं की आपण पोच देतो. पोच दिली म्हणजे पत्रात लिहिलेलं सगळं मान्य केलं, असं होत नाही. मिळालं, वाचलं, एवढंच. भावनेलाही आधी पोच द्यायची असते. समजावणं, शिस्त, उपाय हे सगळं त्यानंतर.

समजा, पाचवीतली मुलगी गॅदरिंगच्या नाचातून नाव काढलं म्हणून दप्तर फेकते आणि म्हणते, "मी आता शाळेतच नाही जाणार." आपल्या तोंडून काय निघतं? "नाटकं करू नको." "पुढच्या वर्षी घेतील नं." "थांब, मी बोलते तुझ्या टीचरशी." पहिल्यात रागावणं आहे, दुसऱ्यात दिलासा, तिसऱ्यात मदत. पोच एकातही नाही. पोच अशी असते: "दोन महिने प्रॅक्टिस केलीस आणि नाव काढलं. वाईट वाटणारच." आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं आईवडिलांना सगळ्यात जड जातं. मी त्यांना मनात वीसपर्यंत मोजायला सांगते. पंधराच्या आसपास बहुतेक मुलं रडायला लागतात, आणि रडून झालं की बोलायला लागतात.

उद्या शाळेत जायचं आहेच, दप्तर उचलून जागेवर ठेवायचं आहेच. तो नियम हलत नाही. वाटणं सगळं चालतं, वागणं सगळं चालत नाही.

विचारलं की फक्त "मूड ऑफ आहे" म्हणतो. पुढे काही बोलतच नाही.

बोलायला शब्द लागतात. बहुतेक मुलांकडे तीन असतात: मस्त, बोअर, मूड ऑफ. फार झालं तर "दिमाग खराब आहे". म्हणून माझ्या खोलीत भिंतीवर एक मोठा कागद लावला आहे, त्यावर मुलांच्याच अक्षरात शब्द लिहिलेले आहेत. खट्टू. हिरमुसलो. रुसले. धाकधूक. धास्ती. हुरहूर. घुसमट. जळफळाट. कासावीस. ओशाळलो. कानकोंडं. आपल्या भाषेत हा खजिना आजी-आजोबांच्या तोंडी अजून आहे, मुलांपर्यंत पोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

शब्दागणिक उपाय बदलतो, म्हणून हा सगळा खटाटोप. राग आणि रुसवा एक नाही. रागावलेल्याला थोडा वेळ एकटं सोडलं तर चालतं, पण रुसलेला वाट पाहत असतो की कोणीतरी मनवायला येईल. त्याला एकटं सोडलं तर जखम खोल जाते.

नऊ वर्षांचा एक मुलगा होता. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्यानंतरच्या मुलांच्या सणाला, लाकडी नंदी सजवून, मित्रांसोबत घरोघर बोजारा (खाऊ-पैसे) मागायला निघाला. तिसऱ्या घरासमोर नंदीचं चाक निघालं. सोबतची मुलं हसली, आणि मागून येणारे बाबा म्हणाले, "सांभाळता येत नाही तर नेला कशाला?" मुलाने नंदीला लाथ मारली, एक शिंग तुटलं. तो नंदी आजोबांच्या वेळचा. घरी सगळ्यांनी ठरवलं की मुलगा रागीट आहे, आणि मलाही तेच सांगितलं गेलं.

दुसऱ्या भेटीत तो भिंतीवरच्या कागदासमोर उभा राहिला, शब्द वाचत गेला आणि एका शब्दावर बोट ठेवून म्हणाला, "मला हे झालं होतं." बोट होतं "कानकोंडं"वर. चारचौघांत तोंड लपवावंसं वाटणं, ते. रागाचा उपाय करत बसलो असतो तर वर्ष गेलं असतं. बाबांना मी एवढंच सांगितलं की चुका दाखवायच्या असतील तर घरी, दार लावून दाखवा. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझे वडीलही मला असंच चारचौघांत बोलायचे." पुढच्या रविवारी दोघांनी मिळून शिंग फेविकॉलने चिकटवलं. जोड दिसतो, पण नंदी उभा राहतो.

भेटीत तुम्ही करता काय? नुसतं बोलून काय होणार?

नुसतं बोलून फारसं होत नाही. मी शिकवते, सराव करून घेते आणि घरी करायला देते. माझ्या कामाचा मोठा आधार डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, ही तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी उपचारपद्धत आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मार्शा लिनेहान यांनी ती उभी केली. तिचा पहिला मोठा तुलनात्मक अभ्यास १९९१ मध्ये आला, तो मोठ्यांसाठी होता. पुढे ती किशोरवयीनांसाठी बेतली गेली, आणि स्वतःला इजा करणाऱ्या मुलांमध्ये तिचा उपयोग होतो हे नॉर्वेत २०१४ मध्ये आणि अमेरिकेत २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासांत दिसलं. लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं की किशोरवयात त्या स्वतः मनोरुग्णालयात दाखल होत्या. हे ऐकलं की पंधरा-सोळा वर्षांच्या मुली खुर्चीत सावरून बसतात.

त्यातली एक पद्धत इथे दाखवते. मूळ नाव साखळी, पण माझ्याकडची मुलं तिला मालगाडी म्हणतात. अजनी रेल्वे स्टेशनच्या बाजूला राहणाऱ्या एका मुलाने ते नाव दिलं आणि तेच रुळलं. सातवीतल्या मुलाने मंगळवारी संध्याकाळी स्टीलचा ग्लास फेकला, टीव्हीला तडा गेला. घरी सगळं भांडण तेवढ्यावरच. आम्ही कागद आडवा घेतला आणि शेवटच्या डब्यात लिहिलं: ग्लास फेकला. मग मागे मागे जात एकेक डबा जोडला. ग्लासच्या आधी काय? बाबा म्हणाले, "वर तोंड करून बोलू नको." त्याआधी? आईने दारातच विचारलं, "गणितात किती मिळाले?" त्याआधी? ऑटो पाऊण तास उशिरा आला, उन्हात उभा होतो. त्याआधी? डबा खाल्लाच नव्हता, कारण मधल्या सुट्टीत दोघांनी चिडवलं. त्याआधी? रात्री लाइट गेली होती, एक वाजेपर्यंत झोप नाही.

सात डबे झाले. मग मी विचारलं, यातला कोणता डबा सोडवला असता तर गाडी शेवटपर्यंत पोचली नसती? लाइट आपल्या हातात नाही, ऑटो नाही. त्याने स्वतः आईच्या प्रश्नाच्या डब्याभोवती गोल काढला. ठरलं असं: घरी आल्यावर आधी खायला, वीस मिनिटं एकही प्रश्न नाही, मार्क जेवणानंतर. आईनेही त्याच कागदावर सही केली. चिडवणाऱ्या मुलांचा डबा आम्ही पुढच्या तीन भेटींमध्ये घेतला, तो अवघड होता.

टीव्हीचं काय? त्याची भरपाई त्याच्या खाऊच्या पैशातून थोडी थोडी झाली. कारण समजलं म्हणून जबाबदारी सुटत नाही.

चाचण्या कराव्या लागतात का?

सरसकट नाही. पण वाचायला लावलं की भडकणारं, गृहपाठाच्या वेळीच पोट दुखणारं मूल असेल तर मी शिकण्यातली अडचण आहे का हे तपासते. वर्गात उभं राहून वाचताना अक्षरं लागत नाहीत, हसं होतं, आणि हसं होण्यापेक्षा दंगा करून बाहेर काढलेलं बरं वाटतं. अशी कितीतरी "रागीट" मुलं मी पाहिली आहेत. शिकण्यातल्या या अडचणीला, म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमतेला, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे, त्यामुळे निदान झालं तर परीक्षेत सवलतीही मिळू शकतात.

नागपूरकरांना हे आवडेल: भारतीय मुलांसाठी वर्षानुवर्षं वापरली गेलेली मालिन यांची बुद्धिमापन चाचणी (१९६९) आपल्याच शहरात काम करणाऱ्या आर्थर मालिन यांची. मुलांची सामाजिक परिपक्वता मोजणाऱ्या एका परदेशी चाचणीचं त्यांनी केलेलं रूप तर देशभर "नागपूर अ‍ॅडॅप्टेशन" याच नावाने ओळखलं जातं.

ऐन भडका उडालेला असताना काय करायचं?

शिकवू नका. त्या वेळी कानात काही शिरत नाही. आवाज खाली आणा, शब्द कमी करा, शक्य असेल तर खाली बसा. उंच उभा माणूस लहान मुलाला धमकीसारखा वाटतो. धाकट्या भावंडाला दुसऱ्या खोलीत न्या, फुटणाऱ्या वस्तू बाजूला करा आणि जवळ थांबा.

जरा मोठ्या मुलांना मी थंड पाण्याची युक्ती शिकवते. पसरट भांड्यात थंड पाणी घ्यायचं, श्वास धरून चेहरा गालांपर्यंत पाण्यात घालायचा, पंधरा-वीस सेकंद. डोळ्यांभोवती आणि गालांवर गार पाणी लागलं की शरीर आपोआप हृदयाचे ठोके मंद करतं, पाण्यात बुडी मारताना होतं तसं. मे महिन्यात आपल्याकडे टाकीचं पाणी नळातून कढत येतं, त्याचा काही उपयोग नाही. फ्रिजमधली बाटली त्यासाठीच वेगळी ठेवा. हे शांत असताना दोन-तीनदा करून पाहायचं, भडक्यात पहिल्यांदा नाही. हृदयाचा त्रास असलेल्या किंवा खाणं फार कमी केलेल्या मुलाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

आणखी दोन गोष्टी: जिने भराभर चढ-उतार करणं, आणि श्वास घेतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावणं. लहान मुलांना सांगते, गरम चहावर फुंकर घालतो तसा सोड.

आणि एक सूचना मनात ठेवा. ओरडलं की मोबाइल मिळतो, हे आजवर चालत आलं असेल आणि तुम्ही ते थांबवलं, तर पहिले काही दिवस ओरडणं वाढेल. वाढलं म्हणून उपाय फसला असं समजू नका. आठव्या दिवशी थकून मोबाइल हातात दिला, तर मूल एवढंच शिकतं की आठ दिवस ओरडायचं असतं.

आम्हीही मार खाऊनच मोठे झालो. दोन लगावल्या की सरळ होतात नं?

तेवढ्यापुरतं गप्प होतात. पण ज्या मुलाचा तवा आधीच तापलेला आहे, त्याला मार म्हणजे आणखी जाळ. आणि जेव्हा त्याला कोणाचा राग येईल तेव्हा काय करायचं, याचा धडाही त्यातूनच मिळतो. शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. घरासाठी मी कायदा सांगत नाही. बाबांना विचारते, मार खाल्ला तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं? उत्तर क्वचितच "मी सुधारलो" असं येतं.

हात उचलला गेला असेल तर माफी मागा. माफी मागितल्याने वडिलांचा मान जात नाही. चूक झाल्यावर मोठं माणूस काय करतं हे मुलाला बघायला मिळतं.

नीट-जेईईच्या मुलांचं वेगळं असतं का?

हो. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, यवतमाळकडून कितीतरी मुलं क्लाससाठी नागपुरात येऊन खोली करून राहतात. सतरा वर्षांचं मूल, मेसचं जेवण, दर आठवड्याची टेस्ट आणि रँकची यादी. घरी फोनवर "सब ठीक" सांगतं, कारण वडिलांनी कर्ज काढलेलं त्याला माहीत असतं. तुम्ही फोनवर पहिला प्रश्न टेस्टचा विचारत असाल तर तो बदला. जेवलास का, झोपलास का, कोणाशी बोललास का. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष येऊन भेटा, आणि त्या भेटीत क्लासच्या ऑफिसात जाऊ नका, त्याला घेऊन तर्री-पोहे खायला जा.

निकालाच्या दिवशी मूल एकटं खोलीवर नको. हे मी अगदी हात जोडून सांगते. निकाल लागायच्या आधीच त्याला घरी आणा किंवा तुम्ही तिकडे जा. आणि निकालाच्या आधी, नंतर नाही, हे वाक्य बोलून ठेवा: "जे येईल ते आपण मिळून पाहू."

मुलीच्या हातावर जखमांच्या खुणा दिसल्या. आता काय करू?

आधी स्वतः एक मिनिट बसा. ओरडू नका, शपथा घालू नका, मोबाइल काढून घेऊ नका. "मला दिसलं. मी रागावलेली नाही. तुला फार त्रास होत असणार." एवढंच. बऱ्याच मुलांसाठी ही मरणाची इच्छा नसते, सहन न होणारी भावना थांबवायची धडपड असते. पण कोणती काय हे घरी बसून ठरवता येत नाही, म्हणून थेट विचारायचं: "तुला मरून जावं असं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट, कोणीतरी विचारलं याने मूल मोकळं होतं.

उत्तर हो असेल किंवा तुम्हाला शंका असेल, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. घरातल्या सगळ्या गोळ्या, अगदी आजोबांच्या बीपीच्यासुद्धा, कुलपात ठेवा. शेती असेल तर फवारणीचं औषध घरातून पूर्ण हलवा. तीव्र क्षण बहुतेकदा थोडा वेळ टिकतो, आणि त्या वेळात हाताशी काही नसणं यानेही जीव वाचतो. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. जीव धोक्यात असेल तर ११२ किंवा थेट जवळचं हॉस्पिटल.

पोलीस केसच्या भीतीने काही घरं हॉस्पिटलला जायला उशीर करतात. तसं करू नका. हॉस्पिटल नोंद करतं, पोलीस येऊन विचारतातही. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच मानायचं आहे, शिक्षा करायची नाही.

मी तुम्हाला सांगितलेलं तुम्ही आईला सांगणार का?

हा मुलांचा प्रश्न, आणि मी उत्तर आईबाबांसमोरच देते. मैत्रीण, ब्रेकअप, शिक्षकांचा राग, घरच्यांबद्दलच्या तक्रारी, हे आपल्या दोघांत. तीन गोष्टी मात्र मी लपवत नाही: तुझ्या जिवाला धोका, तुझ्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका, आणि कोणी तुझ्यावर लैंगिक अत्याचार करत असेल तर. शेवटच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं मला बंधनकारकच आहे. सांगायची वेळ आलीच तर आधी तुला सांगेन, कोणाला आणि कसं सांगायचं ते तुझ्यासोबत बसून ठरवेन.

आईबाबांना मी दर महिन्याला कामाची दिशा सांगते, संवाद नाही. "ती काय बोलली?" असं गाडीत बसल्या बसल्या विचारू नका. बोलायचं असेल तर ती बोलेल.

मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक: आम्ही नेमकं कोणाकडे जायचं? गोळ्या सुरू होतील का?

मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर त्या विषयात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात, औषध तेच देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, तो नंबर मागायला संकोच करू नका. मी औषध देत नाही, देऊ शकतही नाही. काही मुलांना मात्र औषधाची खरंच गरज असते: खूप नैराश्य, एकाग्रतेची मोठी अडचण, झोप पूर्ण उडालेली. तेव्हा मी पाठवते आणि त्या डॉक्टरांच्या संपर्कात राहते. सुरू केलेली गोळी मनाने बंद करू नका, एवढं नक्की पाळा.

शाळेतले समुपदेशक पहिल्या आधारासाठी उत्तम असतात. पुढे पाठवायची गरज सगळ्यांत आधी त्यांच्याच लक्षात येते.

सासूबाई म्हणतात नजर लागली. दृष्ट काढून पाहू का?

मीठ-मोहरी ओवाळायची तर ओवाळा. आजीचा हात तोंडावरून फिरतो, त्यात माया असते, आणि मायेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती मुलाला उपाशी ठेवण्याला, मारण्याला, धुरात कोंडण्याला आणि उपचार लांबवण्याला. अंगातलं भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. दृष्ट आज संध्याकाळी काढा, अपॉइंटमेंट उद्या सकाळची घ्या.

फी परवडणार नाही, आणि नातेवाइकांना कळलं तर?

नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी हॉस्पिटलं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग चालतो. तिथे खासगीपेक्षा कितीतरी कमी पैशांत दाखवता येतं. गर्दी असते, सकाळी लवकर जा. माझ्याकडे किंवा कोणाकडेही येण्याआधी फोनवर फी विचारून घ्या, त्यात काही गैर नाही.

नातेवाइकांचं म्हणाल तर, ज्या शहरात एका चौकाचं नाव लोकांच्या तोंडी अजून "पागलखाना चौक" आहे, तिथे ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. सगळ्यांना सांगायची गरज नाही. पण मुलासमोर "कोणाला सांगू नको" असं कुजबुजू नका. "हे आपलं खासगी आहे" असं म्हणा. पहिल्यात लाज आहे, दुसऱ्यात नाही.

किती दिवस यावं लागेल?

आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तास. घरच्यांच्या वागण्यात बदल केल्याने लहान मुलांचं आठ-दहा भेटींमध्ये बरंच सावरतं. स्वतःला इजा करणाऱ्या किशोरवयीनांसोबत सहा महिने तरी धरा. भडके एकदम बंद होत नाहीत. आधी ते लवकर विझायला लागतात, मग कमी वेळा होतात. म्हणून घरी कॅलेंडरवर किती मिनिटं चाललं ते लिहायला सांगते. पंच्याहत्तरचे चाळीस झाले की आईच्या लक्षात येत नाही, कॅलेंडरच्या येतं. शाळा सुरू व्हायच्या वेळी, म्हणजे आपल्याकडे जूनच्या शेवटी, पुन्हा थोडं वाढतं. तेव्हा घाबरून जाऊ नका.

पहिल्या भेटीला त्याला काय सांगून आणू? "आइस्क्रीम खायला जाऊ" म्हणू का?

नको. दारात बोर्ड वाचला की त्याला कळतं, आणि मग माझे पहिले दोन महिने तो विश्वास परत मिळवण्यात जातात. लहान असेल तर सांगा, "तुला राग आला की तुलाच किती त्रास होते, ते आम्ही पाहतो. आम्हालाही काय करावं कळत नाही. एक ताई आहे, ती आपल्या तिघांना शिकवणार." किशोरवयीन असेल तर सांगा की एकदा ये, नाही पटलं तर दुसरं कोणी शोधू. येताना शाळेच्या जुन्या वह्या आणा, प्रगतिपुस्तक नसलं तरी चालेल. वह्यांच्या शेवटच्या पानावर मुलं काय काय काढून ठेवतात, तिथून मी सुरुवात करते.